बेचाळीसपैकी नऊ

प्रिय शाई,

केंद्राच्या प्रमुखांना या नावाने हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल. शिपाईकाकांनी ठेवलेली नावं ती. मी पेन्सिल आणि तू शाई. मी वर्कशॉपमध्ये मुलांसमोर बसून प्रगतीपत्रक पेन्सिलीने भरायचे, आणि तिमाही संपली की तू ऑफिसात बसून त्यावरून पेन फिरवायचीस. म्हणजे आजचं हे अक्षर बघून तू जरा दचकली असशील. हो, पेनच आहे. मध्येच मन कच्चं झालं तरी खोडता येऊ नये म्हणून मुद्दाम घेतलं.

तुझं पाकीट परवा मिळालं. आत टाइप केलेला जबाब, सही कुठे करायची ते दाखवणारी फुली, आणि तुझी दोन ओळींची चिठ्ठी की सोमवारपर्यंत एवढं पाठव, मग निवांत चहाला ये. तेवीस वर्षांत तुला माझ्याकडून काही हवं असलं की चहाचं बोलावणं आधी यायचं. या वेळी नंतर आलं. प्रमुख झाल्यावर माणसं घाईत असतात, समजू शकते.

माझं म्हणशील तर चार महिन्यांची निवृत्ती अंगी लागलेली नाही. सकाळी नऊला पाय आपोआप दाराकडे वळतात. घरात सगळं मोजायची खोड तशीच आहे. नात बुटाची नाडी बांधायला बसली की माझ्या मनात तीन रकाने उभे राहतात: स्वतः करते, मदतीने करते, करत नाही. सून परवा हसत म्हणाली की आई, तुम्ही बातम्या बघतानासुद्धा मान हलवता, सांगणाऱ्या बाईला वाटेल तिचं बरोबरच आहे. मी पण हसले. मग आत जाऊन बसले आणि मला भडभडून आलं. का, ते तुला सांगायला नको, पण तरीही सांगणार आहे. सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तुझ्या त्या टाइप केलेल्या कागदावर नेमकं पहिल्यापासूनचंच काही नाही.

टापटीप आठवते ना? असं विचारतेय जणू तू विसरली असशील. पहिल्या दिवशी आली तेव्हा अठरा वर्षांची होती, दोन वेण्या, आणि कुणी न सांगता तिने दारातल्या सगळ्या चपला ओळीत लावल्या होत्या, म्हणून तर टापटीप हे नाव पडलं. तिचे वडील मागे उभे होते, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच राहिलेलं. दुकानातून थेट आलेले. घड्याळं दुरुस्त करतात ते. म्हणाले, बाई, माझ्या दुकानात चाळीस घड्याळं आहेत आणि माझ्या पोरीला एकातलं कळत नाही, तेवढं बघा. आई लहानपणीच गेलेली, घरात दोघंच. तिला शाळेने आठवीनंतर हात जोडलेले, आणि आपल्याकडे तर अशीच मुलं यायची, सावकाश शिकणारी. त्यांना लिहिणं, वाचणं, हिशोब आणि कामावर टिकायला लागतं ते सगळं शिकवायचं, बेचाळीस कौशल्यं तपासायची, आणि बेचाळीसच्या बेचाळीस 'स्वतः करते' झाली की नोकरीला लावायचं.

त्यात आपला तो नियम. वरून आलेला म्हणत होतीस, पण वर कोण बसतं ते मला कधी कळलं नाही. पत्रकातली नोंद वर जाऊ शकते, खाली येऊ शकत नाही. मूल एकदा 'मदतीने' वरून 'स्वतः'वर गेलं की गेलं. उन्हाळ्याच्या सुटीत विसरून आलं तरी कागदावर विसरत नाही. मी पहिल्या वर्षी तुझ्याशी यावरून भांडले होते. दुसऱ्या वर्षी कुरकुर केली. तिसऱ्या वर्षापासून मूग गिळून बसले, आणि पुढे पुढे तर आलेख चढता दिसला की मलाही बरं वाटायला लागलं.

टापटीपचा आलेख सगळ्यात देखणा होता. चार वर्षांत कुठे अडली नाही. कपडे रंगाप्रमाणे वेगळे करणं, यादी वाचून सामान काढणं, फोनवर निरोप घेणं. सतरावं कौशल्य घड्याळ बघून काम सुरू आणि बंद करण्याचं. त्यात ती वर्षभर अडेल असं मला वाटलं होतं. दोन महिन्यांत यायला लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरवायचे, ती माझ्याकडे बघून एकेक वेळ बोलायची आणि बरोबर वेळेवर थांबायची. तिच्या वडिलांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं आणि बराच वेळ रुमाल शोधत राहिले. माझ्या हॉलमधलं लंबकाचं घड्याळ त्यांनीच दिलेलं. या महिन्यात मी ते बंद करून ठेवलंय.

आता मानेच्या पट्ट्याचं. तू तो विषय त्या दिवशी हसून उडवलास, पण माझ्यासाठी सगळं त्या पट्ट्यातच आहे. निवृत्तीच्या महिनाभर आधी माझी मान धरली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे कडक पट्टा बांधायला सांगितला. हनुवटीपासून खांद्यापर्यंत. मुलं म्हणायची बाई रोबो झाल्या. त्याच आठवड्यात टापटीपचं शेवटचं मूल्यमापन होतं. मी रोजच्या खुर्चीत बसले, काटे फिरवले, विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मग खुर्चीच्या डावीकडून आली, उजवीकडून आली, वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. म्हणाली, बाई, आज तुम्ही सांगत का नाही?

मला तेव्हा कळलं. चार वर्षं मीच सांगत होते. ती बरोबर वाटेने निघाली की माझी मान किंचित हलायची, चुकली की थांबायची. मला कधी जाणवलं नाही, तिला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. ती घड्याळ वाचत नव्हती गं, मला वाचत होती. एकामागून एक वेळ बोलत जायची आणि मान हलली की थांबायची. आणि त्यात लबाडी नव्हती. तिला वाटत होतं की असंच असतं, काम करताना समोर एक माणूस बसलेलं असतं आणि ते सांगतं. यादीसुद्धा ती मला बघूनच वाचायची. मी दोन दिवस पट्टा लावून, तिच्याकडे पाठ करून सगळी बेचाळीस कौशल्यं पुन्हा तपासली. नऊ आली. कपड्यांचे रंग, घड्या, चपला, हात धुणं, असलीच. उरलेल्या तेहतीसांपुढे मी पेन्सिलीने स्वच्छ अक्षरात 'करत नाही' लिहिलं. तेवीस वर्षांतलं माझं सगळ्यात खरं पत्रक होतं ते.

ते घेऊन मी तुझ्याकडे आले. तू आधी पोट धरून हसलीस, मग दार लावून घेतलंस. लॉन्ड्रीतली जागा नक्की झालीये, तपासणीचे पाहुणे येणारेत, आणि नोंद खाली येतच नाही हे मी तुला शिकवायचं का, असं म्हणालीस. मग माझ्या मानेकडे बोट केलंस. पट्टा काढ आणि पुन्हा घे. एवढंच. मला अजून तुझा आवाज आठवतो, चिडका नव्हता, पंखा लाव म्हणावं इतका साधा होता.

आणि मी काढला. तीन आठवड्यांचा पट्टा आठव्या दिवशी काढला. ती आली, माझी मान मोकळी बघून इतकी खूश झाली की टाळ्या वाजवल्या. बेचाळीसपैकी बेचाळीस. मी खोडरबर घेतला आणि तेहतीस वेळा फिरवला. तू शाई फिरवलीस हे खरं, पण त्याआधी रबर माझ्या हातात होता. तुझ्यावर सगळं खापर फोडून मोकळं व्हायला हे पत्र नाही. मी ओरडू शकले असते, कुणाला तरी गाठू शकले असते, निदान तिच्या वडिलांना. निवृत्ती तोंडावर आली होती, निरोपाचा समारंभ नीट व्हावा असं वाटत होतं. इतकं फुटकळ कारण होतं. माझी मला लाज वाटते.

लॉन्ड्रीत ती सव्वादोन महिने टिकली. घड्या घालायला होती तोवर तिच्यासारखी कुणी नाही असं सगळ्या म्हणायच्या. मग तिला इस्त्रीच्या मोठ्या प्रेसवर घातलं, कारण कागदावर तिला सगळं येत होतं. मी मागच्या आठवड्यात तिथे गेले होते, तू गेली नसशील. शेजारच्या मशीनवरच्या बाईंनी मला सगळं उभं राहून दाखवलं. त्या दिवशी प्रेसची घंटा बिघडली होती. मुख्य बाईंनी टापटीपला सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळात मोठा काटा चारवर आला की झाकण उचल, त्याआधी झाकणाला अजिबात हात लावायचा नाही, आणि त्या दुसरीकडे गेल्या. टापटीपने घड्याळाकडे बघितलं. मग त्या बाईंकडे बघितलं. मग पलीकडच्या बाईंकडे, मग दाराकडे. सगळ्यांच्या माना आपापल्या कामावर वाकलेल्या. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत फिरली म्हणे, आम्हाला वाटलं पोरगी टंगळमंगळ करतेय. चादर करपून धूर यायला लागला तरी तिने झाकण उचललं नाही. उचलायचं नाही असं सांगितलं होतं ना! तिने बाजूच्या फटीतून हात घालून चादर ओढायचा प्रयत्न केला.

उजव्या हाताची तीन बोटं आता वळत नाहीत. घड्या घालता येत नाहीत. नऊमधलं ते एक गेलं.

आणि तू काय केलंस, शाई? इतक्या वर्षांत जी नोंद कुणाची खाली आली नाही ती तिची आणलीस. जबाबाला जोडलेल्या पत्रकाच्या प्रतीवर बघितलं मी: पाचवं कौशल्य, 'दिलेली सूचना पाळते'. त्यापुढे आता 'करत नाही', आणि खाली 'अपघातानंतर फेरमूल्यमापन'. कधी केलंस ते? तिचा हात अजून पट्टीत आहे, ती घराबाहेर पडलेली नाही. बेचाळीसमधली एकेचाळीस तशीच ठेवलीस, म्हणजे केंद्राने शिकवण्यात कसूर केली नाही, आणि एक उतरवलीस, म्हणजे लॉन्ड्रीलाही आपल्याकडे बोट दाखवायला नको. अपघाताची चौकशी करणारे आले की सगळ्यांनी हात वर करायचे आणि दोष राहणार कुणाचा, तर त्या पोरीचा. माझ्या जबाबात हेच टाइप केलंयस. 'प्रशिक्षणार्थी सर्व कौशल्यांत सक्षम होती, अपघात सूचना न पाळल्याने झाला.' जिने सूचना पाळण्यापायी हात जाळून घेतला तिच्याबद्दल हे लिहायला तुझा हात कसा धजला, हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. नाही समजलं.

काल मी दुकानात गेले. टापटीप मागच्या स्टुलावर होती. मला बघून उठली आणि पहिलं वाक्य काय, तर बाई, माझं चुकलं, मी ऐकलं नाही. कुणीतरी केंद्रातून फोन करून तिला तसं सांगितलंय. ती दिवसभर तेच म्हणते, येणाऱ्या गिऱ्हाइकालाही. तिचे वडील समोर एक घड्याळ उघडून बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, मानेचं, पट्ट्याचं, रबराचं. वाटलं होतं ते मला हाकलतील. त्यांनी उठून भिंतीवरची चौकट काढली. आपलं प्रगतीपत्रक, फ्रेम केलेलं! तू विसरलीस बघ, मूल नोकरीला लागतं त्या समारंभात आपण मूळ कागद पालकांना देतो आणि फायलीत झेरॉक्स ठेवतो. झेरॉक्सवर काही दिसत नाही. त्यांनी कागद बाहेर काढला, दिव्याखाली तिरका धरला, डोळ्याला भिंग लावलं. पेन्सिल पुसली जाते, पण मी नेहमीच दाबून लिहिते. तुझ्या शाईखाली माझ्या पेन्सिलीचे चर तसेच आहेत. ते एकेक ओळ वाचत गेले, बोट ठेवून, मोठ्याने. करत नाही. करत नाही. करत नाही. तेहतीस वेळा. मग पाचव्या ओळीकडे परत आले आणि तिथे थांबले, कारण तिथे शाईखाली दुसरं काहीच नव्हतं. सूचना पाळणं त्या नऊमधलंच होतं. पट्टा लावून, पाठ करून तपासलं तेव्हाही ती सांगितलेलं मोडत नव्हती. त्यांनी भिंग काढलं आणि मला एकच विचारलं, मग माझ्या पोरीने ऐकलं होतं ना? मी हो म्हटलं. ते मागे वळून तिला म्हणाले, ऐकलंस? तू ऐकलं होतंस. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या पोरीसमोर मुद्दाम हलवलेली ही पहिलीच.

तू जबाब मागितला होतास, तो हाच. वेगळा काही येणार नाही. तुझा टाइप केलेला कागद फुलीसकट या पाकिटात परत ठेवलाय. या पत्राच्या मी तीन प्रती काढतेय. एक तुला, एक आजच चौकशीवाल्यांकडे हाताने देऊन पोच घेईन, आणि एक घड्याळाच्या दुकानात, त्या मूळ कागदासोबत. सोमवारी टापटीपचे वडील तो कागद आणि भिंग घेऊन केंद्रात येतील, त्यांच्यासोबत मीही असेन. रबराबद्दल माझं जे व्हायचं ते होऊ दे. तुझ्याकडे मात्र एकच मागणं आहे, तेवीस वर्षांच्या चहाची आण म्हण हवं तर. आम्ही यायच्या आत फाईल काढ आणि पाचव्या कौशल्यापुढे, स्वतःच्या अक्षरात, शाईने लिही: स्वतः करते. त्यासाठी पेन्सिलीने आधी कुणी लिहून द्यायची वाट बघू नकोस.

अजून तरी तुझीच,
पेन्सिल