पश्चिमेस नदी

मी, मालोजी गणपतराव ठोंबरे, वय सत्तावन्न, धंदा लेथचे काम, राहणार परदेशीपुरा, इंदूर, याने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू : लेथ मशीन एक, भंगारातून जुळवलेली, चालू, पाणी मोजायची लोखंडी पट्टी, इंचाच्या खुणा छिन्नीने पाडलेल्या, कनेरी नदीचा नकाशा, सात कागद, पायी मोजून, आणि 'ही नदी आहे' अशा कापीव अक्षरांचे फलक, नग चार. पैकी तीन कोणीतरी उपटून नेले. शिक्षण आठवी, बाकी पाहून शिकलो. येत्या मंगळवारी छातीचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, दबाव कोणाचा नाही, म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी लीला हिला. चतुःसीमा : पूर्वेस गल्ली, उत्तरेस हरी दूधवाल्याचे घर, दक्षिणेस पिंपळाचा ओटा, पश्चिमेस नदी.

इथे हे उतरवून घेणाऱ्या वकीलसाहेबांनी पेन थांबवले. "भिया, रजिस्ट्रीत 'पश्चिमेस नाला' आहे. तेच लिहू, नाहीतर वहिनींना घर नावावर करताना, नामांतरणाला त्रास."

खरे आहे. १९९८ साली ती रजिस्ट्री मीच सांगून लिहवली. सगळे नाला म्हणत, मीही म्हणालो. पुढे एका बिल्डरने त्यावर स्लॅब टाकून दुकाने काढायचे ठरवले. कायद्याने नाला झाकता येतो, नदी झाकता येत नाही. मी हरकत घेतली, अकरा वर्षे तारखा केल्या. सुनावणीत त्यांच्या वकिलाने माझीच रजिस्ट्री वाचून दाखवली. सगळे हसले. सुताचा फरक पकडणारा मी, एवढ्या शब्दाला चुकलो.

लीलाला विचारले. म्हणाली, "नदीच लिहा. त्रास मी बघून घेईन. पण 'नाल्याकडची खिडकी लाव' म्हणायचं आता तुम्हीही सोडा."

तेव्हा नदीच लिहिले आहे.

२. लेथ व सर्व औजारे मुलगी वल्लरी हिला. मापाचा व्हर्नियर पुसूनच डब्यात ठेवावा. नकाशा आणि हरकतीची फाइलही तिलाच, पण लढच असे माझे सांगणे नाही. मी थकलो आहे, थकवा वारशात देऊ नये. पुलाखाली मागल्या मोजणीत सात कासवे होती. सुनावणीची पुढची तारीख फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहिली आहे. एवढेच.

३. धाकटा भाऊ अरविंद. नदीसाठी मी पार्षदाच्या निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा हा समोरच्या उमेदवाराच्या जीपमध्ये बसून विचारत होता, "दादा, कासवं वोट देतात का?" मला एकूण मते दोनशे चौदा. आमच्या बूथवर चार, त्यातली तीन आमच्याच घरची. चौथे कोणाचे, हे मी कधी विचारले नाही. अरविंदला उरलेला चौथा फलक द्यावा. तो त्याने स्वतः काठावर उभा करावा. खड्डा दोन फूट, सिमेंट-वाळूचा मसाला एकास चार. तेवढे केले की माझा राग फिटला.

४. माझी राख कनेरीत टाकू नये. तिच्यात लोकांनी आधीच पुष्कळ टाकले आहे.

वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

मालोजी गणपतराव ठोंबरे

साक्षीदार : १) हरी रामलाल, शेजारी. २) सुलोचना गोरे, निवृत्त शिक्षिका.

स्थळ : इंदूर. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५.

पुरवणी. साक्षीची सही करता करता हरी म्हणाला, "भिया, वो आकडा भी लिख दो. नहीं तो लोग बोलेंगे, ले-देके बैठ गए." म्हणून लिहितो. मागल्या दिवाळीत बिल्डरचा माणूस मिठाईच्या डब्याबरोबर टाइप केलेला एक कागद घेऊन आला. त्यावर एकच वाक्य : 'माझ्या घराच्या पश्चिमेस नाला आहे.' खाली सहीची जागा. मी त्यातला एक शब्द खोडला, वर बरोबर शब्द लिहिला, सही केली आणि कागद डब्यासकट परत दिला. तेव्हा नाकारलेली रक्कम : रु. ३९,००,०००/-, अक्षरी एकोणचाळीस लाख रुपये फक्त.