दाराच्या चौकटीवरची खूण

ता. ४
ती. ताईस,
सा. न., पण आधी भांडण. तू बाबांना लाडावून ठेवलंयस. खांदा दुखतो म्हणाले की लगेच व्यायामाला दोन दिवस सुट्टी! अगं, आखडलेला खांदा दुखणारच. हात वर गेला नाही तर रंगारी माणूस भिंतीला रंग काय पायाने देणार? मुकादम त्यांच्यासाठी काम पंधरा तारखेपर्यंतच राखून ठेवणार, हे तूच कळवलंस.

निघताना मी दाराच्या चौकटीवर खडूने खूण केली होती. दोन्ही हातांत धरलेली काठी तिथपर्यंत गेलीच पाहिजे, वीस वेळा. मी स्वतः उभा राहून मापलंय. नाही पोचली तर कोपराला खालून रेट दे. इथे व्यायामशाळेत मी यंत्रं पुसतो, पण डोळे उघडे ठेवून पुसतो. मास्तर शिकवतात ते सगळं पाठ आहे मला.
तुझा उंट

ता. ९
चि. उंटास,
अ. आ. तू सांगितलंस तसंच केलं. रविवारी काठी खुणेच्या हातभर खाली अडली. मी रेट दिला. बाबा ओरडले नाहीत, पांढरेफटक होऊन खाली बसले. तेव्हापासून डाव्या हाताने जेवतात. तुला कळवायचं नाही असं बजावलंय. म्हणतात, पोरगं शिकलंय तिथे, चूक माझ्याच हाडांची असेल.

डॉक्टर म्हणाले, आत काही फाटलं नाही, सूज आहे. पण एक्स-रेच्या फोटोत जुनं, वाकडं जुळलेलं हाड दिसलं. लग्नाआधी परांचीवरून पडले होते म्हणे. उजवा हात पुरता वर कधी गेलाच नाही. छत जन्मभर डाव्याने रंगवलं, आणि आपण ती त्यांची लकब समजलो. खूण कोणाच्या मापाची, असंही डॉक्टरांनी विचारलं. तू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच! फिजिओथेरपीच्या बाईंकडे जायला सांगितलंय, पण घरचा मास्तर असताना फी कशाला, असं बाबांचं म्हणणं. मुकादम काल डोकावून गेला. रेट मी दिला रे, झोप लागत नाही.
ताई

ता. १३
ती. ताईस,
सा. न. रेट तुझा नव्हे, माझाच. मास्तरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, तू इथे रोज काय करतोस? ताई, मी येईल त्या माणसाच्या उंचीप्रमाणे यंत्रांच्या बैठका वरखाली करतो. परक्याला माप विचारतो, बापाला विचारलं नाही.

खूण पुसून टाक. काठी बंद. त्या बाईंकडे पत्र मिळताच ने. त्या सांगतील तेवढंच करायचं, आणि बाबा पुरे म्हणाले की पुरे. कामाला हात किती उचलावा लागतो, हे बाबांनाच बाईंना सांगू दे. डावा छत रंगवतो, तर उजव्याने डबा धरला तरी भागेल. मुकादमाला तूच गाठ, बाबा तोंड उघडणार नाहीत. तोवर दारं-खिडक्यांचं काम माग. नाही म्हणाला तर जाऊ दे. खांदा कायमचा गेला तर कुठलाच मुकादम उभा करायचा नाही.

बाबांना सांग, चूक हाडांची नव्हती. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं लिही, पण लिही.
तुझा उंट

ता. क. बाईंच्या फीसाठी तीन हजार दोनशे पाठवतोय.