नुसताच नारळ

मंगळवार, संध्याकाळ

सई आजही अर्धी भाकरी टाकून उठली. अकरा वर्षांची नात माझी. जेसल पार्कात चाकांचं स्केटिंग शिकते, पण ध्यास मोबाइलवरच्या व्हिडिओत बर्फावर स्केटिंग करणाऱ्या रशियन मुलीचा. म्हणाली, "आजोबा, ती सतराव्या वर्षीच रिटायर झाली. उंची वाढली, मग उड्या जमेनात."

मी अठ्ठावन्नाला रिटायर झालो, तेव्हा ऑफिसात शाल आणि नारळ मिळाला. त्या पोरीला एवढी मेडलं आणूनही नुसताच नारळ दिला म्हणायचा.

सई उठता उठता म्हणाली, "म्हणून मी कमी खाते. उंची वाढायला नको."

अर्धी भाकरी तशीच झाकून ठेवलीय. आणि जेवताना तो व्हिडिओ लावून कोण देतो? मीच. चार घास जास्त जातील म्हणून.