‘निवांत’विरुद्ध तक्रार

पुणे, १५ जानेवारी २०२५

तीर्थरूप दुर्गाआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा तिळगूळ पोचला. वड्या कडक झाल्या आहेत, दातांच्या डॉक्टरांचं भलं होईल. पण चव आईच्या हातची आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितो. शिवाय तक्रार लेखीच असावी.

आमच्या इमारतीखाली चष्म्याचं दुकान होतं, तिथे आता कॅफे निघाला आहे. नाव ‘निवांत’. नाव ठेवताना गिऱ्हाइकाची फसवणूक केली, असं कुणी म्हणू शकणार नाही.

पहिल्या दिवशी गेलो तर काउंटरमागे योगेश नावाचा मुलगा कानात गाण्यांची बोंडं घालून उभा. मी कॉफी मागितली. त्याने टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला. मोबाइल त्याच्यावर धरायचा म्हणजे मेनू दिसतो, आणि काय हवं ते मोबाइलमध्येच सांगायचं. मी त्याच्यासमोर उभा आहे, तो माझ्यासमोर उभा आहे, आणि निरोप मात्र मोबाइलमधून. शेवटी उपकार केल्यासारखं त्याने नाव विचारलं. मी श्याम पुरुषोत्तम गोडबोले असं पूर्ण सांगितलं. थोड्या वेळाने तो ‘सॅम, सॅम’ असं ओरडायला लागला. मी अर्थातच उठलो नाही. कॉफी का आली नाही म्हणून विचारायला गेलो, तर ती तिथेच गार होऊन पडली होती आणि उलट मीच लक्ष देत नाही असं ऐकावं लागलं. कॉफीवर दुधाच्या फेसाचं पान काढलेलं होतं. पान सुबक होतं. त्याखाली कॉफी होती असा त्यांचा दावा आहे.

एका दिवसावरून मत बनवू नये म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो. मग सुधारायची संधी द्यावी म्हणून गेलो. सुधारणा नाही हे पक्कं करायला परत गेलो. शेवटी फुलस्केप कागदांवर, शुद्धलेखन तपासून, तक्रार लिहिली आणि मालकिणीच्या हातात दिली. सृष्टी तिचं नाव. अकोल्याची आहे, हिंजवडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून हे काढलंय. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाली, “काकाजी, हे तोंडावर सांगणारे तुम्ही पहिलेच. बाकीचे घरी जाऊन मोबाइलवर पाचपैकी एक चांदणी देतात आणि परत येत नाहीत.” मग तिने सांगितलं की योगेश आज न सांगता काम सोडून गेला. सेवा कशी असते ते उद्या सकाळी तुम्हीच उभं राहून दाखवा न, असंही म्हणाली. विचार करून सांगतो म्हणालो.

वल्लरीचा बंगळूरहून फोन येत असतो. विषय तोच. ब्लॉक विका आणि इकडे या.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र लिहून रागाव, ही विनंती.

तुझा,
श्याम


मिरज, २२ जानेवारी २०२५

चि. श्याम यास,
अ. उ. आ.

तिळाच्या वड्या मी नाही, शेजारच्या दीपालीने केल्या होत्या. आईच्या हातची चव तिला कळवली, खूश झाली.

तुझ्या पत्रात कॉफीवर सगळा मजकूर आणि मुलीवर दोन ओळी. बरं, कॉफी इतकी वाईट होती तर तू पुन्हा पुन्हा का गेलास? कारणं दिलीयस खरी, पण शाळेत गैरहजर राहिलेली मुलं अशीच कारणं देतात, हे तूच मला सांगितलं होतंस. कुमुद असताना तू बाहेर चहासुद्धा घेत नव्हतास. ती गेल्यापासून ओट्याशी उभा राहून दूधभात खातोस, दोन्ही वेळा तेच, हे वल्लरीने मला कळवलंय. माझं ऐकशील तर बंगळूरला जा. नातवंडं आहेत, ताटावर बोलायला कुणीतरी असेल. मी येऊन तुझं सामान बांधून देईन. भांडी कुणाला द्यायची ते आत्ताच ठरवून ठेव.

आणि त्या मुलीच्या दुकानात उभा वगैरे राहू नकोस. तू मुख्याध्यापक होतास. गिऱ्हाईक म्हणजे सहावी ब नव्हे. पैसे देऊन बोलणी खायला कोण येईल? बिचारीचं दुकान बुडेल आणि बोल गोडबोल्यांना लागेल.

स्वेटर घालत जा. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे, अक्कल मात्र वाढव.

तुझी,
आक्का


पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं, कारण सवड होत नाही. मी ‘निवांत’मध्ये उभा राहायला लागलो आहे.

ते ठिपक्यांचे चौकोन ओल्या फडक्याने खरवडून काढले. काय हवं ते तोंडाने आणि पूर्ण वाक्यात सांगायचं. कॅपुचिनोऐवजी ‘वन कॅप’ मागणाऱ्याला मी टोपीवाल्याचा पत्ता देतो. खुर्चीवर पाय ठेवणाऱ्याला उभं करतो. एका गृहस्थांनी अर्धं सँडविच टाकलं, ते संपेपर्यंत त्यांना हलू दिलं नाही. एक बाई म्हणाल्या, कॉफी गार आहे. मी विचारलं, आणली तेव्हा गरम होती, आपण फोनवर बोलत बसलात, तर ती गार कुणी केली? आक्का, सेवा निराशाजनक असते हे मी लिहूनच दिलंय. पण गिऱ्हाईक किती निराशाजनक असतं याची दखल आजवर कुणी घेतलेली नाही.

सुरुवातीला सृष्टी माझ्या मागोमाग फिरून प्रत्येक टेबलाची माफी मागायची. मग तिच्या लक्षात आलं की बोलणी खाऊन गेलेली माणसं मित्रांना घेऊन परत येतात. रविवारी तर हिंजवडीहून पोरं येतात, मुद्दाम खुर्चीवर पाय ठेवतात आणि माझ्याकडे बघत बसतात. मी दुर्लक्ष केलं तर हिरमुसतात.

पण गेल्या आठवड्यात एक वाईट गोष्ट झाली. कादंबरी नावाची एक मुलगी रोज सकाळी येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर एका कॉफीवर संध्याकाळपर्यंत बसायची. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, “इथे कॉफी मिळते, जागा भाड्याने मिळत नाही. घरदार आहे की नाही?” सगळे हसले. ती मात्र खाली मान घालून रडायला लागली. सृष्टीने मला आत नेऊन सांगितलं की तिला कंपनीने कामावरून काढलंय आणि घरी ते सांगायचा धीर होत नाही. म्हणून रोज ऑफिसच्या वेळेला डबा घेऊन निघते आणि इथे येऊन बसते.

आयुष्यभर मी मुलांकडून माफी लिहून घेतली, मागायची वेळ आली नव्हती. घरी गेलो. वाण्याकडून रवा आणला, कुमुदची कढई खाली काढली आणि उपमा केला. ती गेल्यापासून त्या शेगडीवर दुधाशिवाय काही चढलं नव्हतं. उपमा थोडा खाली लागला. बशी घेऊन गेलो, तर पोरगी अजून तिथेच, भिंतीकडे तोंड करून. तिच्यासमोर बशी ठेवली आणि म्हणालो, “बाळ, चुकलं माझं. खाऊन घे.” तिने बशी पुढे ओढली. मग खाल्लं, आणि मीठ कमी आहे म्हणाली. मी मीठ आणून दिलं.

तेव्हापासून दुपारी घरून काहीतरी करून नेतो. सृष्टी, कादंबरी आणि मी, तिघं एकत्र जेवतो. बंगळूरचं मनात घोळतंय. वल्लरी चांगल्या मनाने बोलावते, तिला दुखवायचं नाही. काय सांगावं कळत नाही.

तू येतेस ते बरं. तोवर लोभ असेल तेवढा पुरवून वापर.

तुझा,
श्याम


मिरज, २८ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरी हिस,
अ. उ. आ.

मी पुण्याला जाऊन आले. कधी येणार ते श्यामला कळवलं नव्हतं. स्वारगेटला उतरले आणि पिशवीसकट रिक्षाने थेट त्या कॅफेत गेले. मला बघून तुझे बाबा चकित वगैरे काही झाले नाहीत. म्हणाले, आक्का, रांगेत ये. मी थोरली बहीण असल्याची आठवण दिली, तर इथे सगळे सारखे असं उत्तर मिळालं. या वयात मी रांगेत उभी राहिले. कॉफीत साखर मागितली, मिळाली नाही. डॉक्टरांनी तुला बंद केलीय असं त्याने अख्ख्या दुकानाला ऐकवलं. समोर एक मुलगा हे सगळं मोबाइलवर लिहून घेत होता, त्याला त्याने व्याकरण चुकल्याबद्दल झापलं. असला अपमान मी माझ्या सासरीसुद्धा सोसलेला नाही.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. सृष्टीने पिठलं केलं होतं. अकोल्याकडच्यासारखं झणझणीत, श्याम पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत कुरकुरत होता आणि तीनदा वाढून घेत होता. कादंबरीने घरी खरं काय ते सांगितलंय. आई रडली, पण दुसऱ्या दिवशी वडीलच तिला मुलाखतीला सोडायला गेले. श्याम तिची उजळणी घेतो. त्याला त्या विषयातलं काही कळत नाही, पण ताठ बसायला लावतो.

संध्याकाळी त्याच्या घरी मी भांडी बांधायला काढली. श्याम दारात उभा राहून काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाला. खरं तर तेव्हा मला ऐकू आलं होतं, पण मी म्हटलं, मोठ्याने बोल. तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की वरच्या मजल्यावरचे संतोषराव खाली बघायला आले. “मला नाही जायचं, आक्का!” आणि मग खुर्चीवर बसला. मी भांडी परत लावून टाकली.

वल्लरी, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बोलावलंस ते योग्यच केलंस, मीही त्याला तेच सांगत होते. पण ब्लॉकचा व्यवहार थांबव. पाडव्याला मुलांना घेऊन पुण्याला ये आणि आधी त्या कॅफेत जा. लेक म्हणून सोयीचं टेबल मिळेल अशी आशा धरू नकोस. तो सगळ्यांसमोर तुला बोलेल. बोलू दे. रागावला की हल्ली तो बरा दिसतो.

मुलांना गोड पापा. म्हाताऱ्या आत्याला विसरू नकोस, आणि उत्तर मोठ्या अक्षरात लिही.

तुझी,
दुर्गाआत्या