चार बोटं उंच

३ फेब्रुवारी

दहापैकी सहा.

एवढंच लिहायचं म्हणे! सकाळी किती, संध्याकाळी किती, काय करताना दुखलं. व्यायाम शिकवणारी ती फिजिओ पोरगी, माझ्या निम्म्या वयाची, मला म्हणते, काकू, वही ठेवा. तिला आकडे वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी. हिच्यात खरं लिहीन.

तर खरं सांगायचं तर पाठ दुखते. कंबर नाही, मान नाही. बरोबर मधोमध, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जरा खाली. आधी रवंथ केल्यासारखं बारीक दुखायचं, आता कुणी अंगठा रोवून ठेवल्यासारखं. फोटो काढला. मणके धडधाकट. पोरगी म्हणाली, तिथे बरगड्या जोडलेल्या असतात, ती जागा आपण होऊन सहसा दुखत नाही, तुम्ही ती दुखवून घेतलीत. सव्वीस वर्षं टेबलावर ओणवी बसून कवळ्या बनवतेय मी. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते. लोक हसतात ते माझ्या दातांनी. माझी मात्र पाठ जाते.

उपाय: टेबल चार बोटं उंच करा म्हणजे वाकायला नको. दर अर्ध्या तासाला उठा. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली घेऊन दहा मिनिटं पडा. भिंतीला टेकून हात वरखाली. अंथरूण धरू नका. ताप आला, वजन उतरलं, पायाला बधिरपणा आला तर ताबडतोब या. नाहीतर सहा आठवड्यांत बरं वाटेल.

सहा आठवडे. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या.

४ फेब्रुवारी

सात. वन्संनी विचारलं, "फार दुखतंय का?" मी मेणात दात बसवत राहिले.

वन्सं म्हणजे माझी नणंद. त्रेसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, मागच्या खोलीत राहते. हे गेल्यालाही आता आठ वर्षं झाली, पण ती आहेच. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते. इथे ती.

एक मार्चपासून तिला वृद्धाश्रमात खाट मिळालीय. तिची सही तेवढी बाकी. तिच्या खोलीत मला पॉलिशचं यंत्र बसवायचंय, बाहेर फार धूळ होते. विचारणाऱ्याला मी हेच सांगते.

खरं कारण वेगळं. हे गेले त्या दिवशी शेवटचं पाणी तिच्या हातून प्यायले. माझ्या नाही. तिच्या.

६ फेब्रुवारी

सुतार आला. बोटभर जाडीच्या सोळा फळ्या, एकेका पायाखाली चार. मी मोजून घेतल्या, नाहीतर ही माणसं डोळ्यांत धूळ टाकतात. वरून मेणकापड घातलं, चहूबाजूंनी जमिनीपर्यंत. प्लॅस्टरच्या भुकटीपासून टेबल वाचतं, आणि त्या फळ्यांचं ध्यानही दिसत नाही.

बसून बघितलं. कोपर आपोआप टेबलावर टेकतं! पायावर पाय टाकून बसता येतं! पोरगी अगदीच अडाणी नाही.

वन्संनी पुन्हा कवळीचं काढलं. तिची खालची कवळी उजवीकडे टोचते, हिरडीला फोड आलाय. मीच केलेली कवळी, कुठे टोचते ते न बघता सांगेन. दोन मिनिटांचं घासकाम. चार महिने झाले, ती विचारते आणि मी म्हणते, बघू उद्या. मग ती भात कालवून कालवून नुसता गिळते. मी समोर बसून भाकरी चावते.

८ फेब्रुवारी

मलम दिलंय. ते लावायचं कसं हे कुणी सांगत नाही. वरून हात घाला, खालून घाला—पाठीच्या बरोबर मध्ये चार बोटांची जागा अशी आहे की स्वतःचा हात पोचतच नाही. उलथन्याला मलम लावून बघितलं. दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली, म्हशीसारखी. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणे, कुणाकडून तरी लावून घे ना. तीन तासांच्या अंतरावर राहतो आणि वर्षातून एकदा येतो.

शेवटी हाक मारली. अडला हरी! वन्सं पदराला हात पुसत आली. मी ब्लाऊज वर केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिनं न सांगता बरोबर जागा शोधली.

९ फेब्रुवारी

काल एक लिहिलं नाही. ती दाबत असताना मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. आठ वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. स्वतःचा इतका राग आला की तिला म्हटलं, नखं काढा आधी, ओरबाडताय.

तिनं नखं काढली. आजही दाबलं. पाच.

१३ फेब्रुवारी

तीन! गुंडाळीवर पडले की पाठीत कट्कन वाजतं आणि मोकळं वाटतं. पोरगी कागद बघून खूश झाली. म्हणाली, आता कुणाकडून दाबून घ्यायची गरज नाही, व्यायामच पुरे.

जेवताना वन्संना सांगून टाकलं. आश्रम, खाट, एक तारीख, सगळं. आधी चार दिवस राहून बघा, आवडलं तर राहा, असं गोड करून. ती कालवत होती ती थांबली. मग विचारलं, "तुमची पाठ कोण बघेल?"

म्हटलं, पाठ बरी झाली, वन्सं. आता कुणी नको.

तिनं मान हलवली. ताट धुतलं, माझंही. मला वाटलं होतं रडेल. रडली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी

साडेचार. वरच्या कवळ्यांचं काम फार आलं म्हणून असेल.

२० फेब्रुवारी

टेबल डुगडुगतंय! मेणात बसवलेला पुढचा दात तिरका झाला. अकरा वाजता डॉक्टरांकडे तयार कवळ्या देऊन आले तेव्हापासून. मी गेले की वन्सं टेबलाखाली झाडते. म्हटलं, झाडताना फळ्या हलवल्यात तुम्ही. म्हणाली, चुकलं, उद्या नीट करते. मला वाकून बघता येत नाही, नाहीतर तिथल्या तिथे दाखवलं असतं.

२१ फेब्रुवारी

डुगडुगणं थांबलं. निदान एवढं तरी येतं तिला. पाठ—सहा.

२३ फेब्रुवारी

सहा. पायावर पाय टाकून बसायला गेले तर गुडघा टेबलाच्या खणाला आपटला. सगळं अंगच आखडलंय. व्यायाम सगळे करते. दर अर्ध्या तासाला उठते, दूध उतू जाणार असल्यासारखी. मग का दुखतं?

पुन्हा मलम. पुन्हा वन्सं.

२६ फेब्रुवारी

आठ. पोरगी चक्रावली. पुन्हा फोटो, रक्त. सगळं स्वच्छ. ताप नाही, पाय ठीक. तिनं विचारलं, घरात काही ताण आहे का? मला हसू आलं. ताण जेवून-खाऊन मागच्या खोलीत झोपलाय.

आश्रमाला फोन केला. एक महिना पुढे ढकला म्हटलं. ती बया म्हणाली, एकतीस मार्चपर्यंत खाट अडवून ठेवते, पुढे नाही. वन्संना सांगितलं—मला बरं वाटेपर्यंत राहा. फक्त तोपर्यंत, हेही सांगितलं.

संध्याकाळी दाबताना ती काहीतरी गुणगुणत होती.

५ मार्च

आज बोलू नये ते बोलले. लिहून ठेवते.

ती दाबत होती आणि कळ थेट छातीपर्यंत आली. मी ओरडले. मग तोंड सुटलं ते सुटलंच. म्हटलं, आयतं खाऊन बोटांत जोर आलाय. म्हटलं, ह्यांना शेवटचं पाणी पाजलंत, आता मलाही पाजूनच जाणार का?

तिचा हात पाठीवर तसाच राहिला.

"दादानं तुम्हालाच हाक मारली होती, वहिनी. दोनदा. तुम्ही कवळ्या पोचवायला गेला होतात. मग मी दिलं."

म्हटलं, आठ वर्षं का नाही सांगितलंत?

"तुम्ही विचारलं नाहीत."

आणि मलमाच्या डबीला झाकण लावून गेली. मी ब्लाऊज खाली न करताच कितीतरी वेळ बसून होते.

त्या दिवशी पाच कवळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दिल्या असत्या तरी चाललं असतं.

६ मार्च

नऊ. तिला हाक मारली नाही. तीही आली नाही.

७ मार्च

नऊ. उलथनं. भिंत. काही उपयोग नाही.

९ मार्च

पोरगी शेकायचं यंत्र घेऊन घरी आली. मी काम करताना कशी बसते ते बघितलं आणि म्हणाली, काकू, टेबल किती बुटकं आहे हे! मेणकापड उचलून खाली शिरली. आतून आवाज आला—चार बोटं सांगितली होती, ही तर दोनच आहेत.

सुताराला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, सोळा फळ्या, तुम्हीच मोजल्या. खरं होतं. मीच मोजल्या होत्या.

वन्सं चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, गार होतोय. पोरगीनं चहा घेतला. मी वन्संकडे बघितलं, तर ती कपाच्या कानाकडे बघत होती.

चारच्या सुमाराला ती भाजी आणायला गेली. मी तिच्या खोलीत गेले. कपाटात काही नव्हतं. असणारच नाही, तिचं कपाट मी हवं तेव्हा उघडते हे तिला ठाऊक आहे. गादी उचलली. कळ डोक्यात गेली, तरी उचलली. खाली ह्यांचा जुना सदरा. त्यात आठ फळ्या, शेजारी शेजारी लावलेल्या. एकीवर माझं गुलाबी मेण सांडलेलं.

मी तिथेच खाटेवर बसले.

पहिला विचार आला तो असा—आत्ताच्या आत्ता आश्रमात! रिक्षा बोलवायची आणि तोंडावर फळ्या फेकायच्या. माझ्या पाठीचं वाटोळं केलं हिनं! तीन आठवडे माझी पाठ खाल्ली आणि वर रोज मलम चोळलं! आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात ते हेच.

मग बसल्या बसल्या हिशेब लागत गेला. मी तेरा तारखेला तिला जा म्हटलं. सतरापासून दुखणं वाढलं. मी डॉक्टरांकडे गेले की ती एकेक पाय उचलायची आणि एकेक फळी काढायची. साच्यांनी भरलेलं टेबल, तिचं वय त्रेसष्ट. वीस तारखेला बहुधा मी लवकर परतले, एक पाय राहून गेला, म्हणून डुगडुगलं.

सही करणार नाही, असं ती नुसतं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण माझ्यासमोर नाही म्हणायची सोय मी कधी ठेवलीच नव्हती.

आणि गादी! हाताला दोरा लागावा इतकी पातळ. मी तिच्यावर आडवी होऊन बघितलं. फळ्या बरोबर पाठीच्या मधोमध येतात. जरा खाली. तीन आठवडे ती त्यांच्यावर झोपलीय. तिची पाठ दुखते का, हे या घरात कुणी विचारलेलं नाही.

फाटक वाजलं. मी गादी सारखी केली आणि येऊन टेबलाशी बसले.

१० मार्च

फळ्या होत्या तशाच तिथे आहेत. आश्रमाला फोन केला, खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. अर्ज फाडून चुलीत घातला. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

दुपारभर त्या बुटक्या टेबलावर ओणवी बसले, नीट दुखायला लागेपर्यंत. मग हाक मारली. ती आली, पाच दिवसांनी. डबी उघडली, जागा शोधली. दाबता दाबता हळूच म्हणाली, "वहिनी, ती कवळी तेवढी..."

म्हटलं, बघू उद्या.