बिनतेलाची वेणी

८ जुलै २००३
ताईची सुप्री आली. अकरावीला इथंच, आमच्याकडं. ताई-भावजी दोघंही कबनूरला यंत्रमागावर कामाला. तिथं पोरीच्या अभ्यासाकडं बघणार कोण? ह्यांनी स्टँडवरनं आणली. केस कमरेच्या खाली, पण राठ. संध्याकाळी समोर बसवली आणि खोबरेल चापलं चांगलं. पोटचं लेकरू नाही मला, हात नुसते शिवशिवत होते. तेल लावता लावता पोरगी बोलायला लागली ती थांबेना. आता रोज लावायचं.

१३ जुलै
वर्षावास सुरू. विहारात धम्मग्रंथाचं पहिलं वाचन सु.नं केलं. काय आवाज! सगळे विचारतात, कुणाची पोरगी? माझी, म्हटलं. ताईला सांगायचं नाही.

२६ जुलै
सु.च्या कपाळावर पुटकुळ्या. सोळावं वय, अंगात उष्णता, दुसरं काय. तेल वाढवलं. सब्जा भिजवून दिला.

११ ऑगस्ट
कपाळ भरलं. आता कानशिलंपण. तोंडाला ओढणी बांधून कॉलेजला जाते, घरातसुद्धा सोडत नाही. लिंबू चोळते काय, टूथपेस्ट लावते काय, नखानं फोडते काय. आज उशीवर रक्ताचा ठिपका. ओरडले, "तोंड हाय का भांडं, घासायला?" ती रडली. मग मीपण. हे म्हणाले, "रडा दोघी, मी भात लावतो." लावला. करपला.

१९ ऑगस्ट
आठवडाभर कॉलेजला गेलीच नाही, आज कळलं. रंकाळ्यावर जाऊन बसत होती. म्हणते, "मावशी, मी कबनूरला जातो. तिथं मला कोण बघत न्हाई."
तिथं जाऊन काय करणार? मागाला सुताच्या कांड्या भरणार? एकदा गेली की परत यायची नाही, माहीत आहे मला. विहारात यायचंपण बंद. तिच्या जागी कोण कोण वाचतात, ऐकवत नाही.

२१ ऑगस्ट
रजा टाकली. कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. बाईंनी तिच्या कपाळावरनं अंगठा फिरवला, मला दाखवला. चकचकीत. "तेल कोण लावतं?"
मी मोठ्या तोऱ्यात, "मी की! रोज."
बाई हसल्या. तेल उतरून कपाळाची छिद्रं बुजतात म्हणे. मी गार.
बाहेर आल्यावर बाईंना यथेच्छ नावं ठेवली. आमच्या आईनं जन्मभर लावलं, आम्हाला काय झालं? सु. खाली बघून म्हणाली, "मला वाटलंतं तेलानंच हुतंय."
"मग बोलली का न्हाईस, सटवे?"
"तेल बंद केलं, तर तू माझ्याजवळ बसशील व्हय?"
 

२२ ऑगस्ट
करायचं किती? तर सकाळ-संध्याकाळ साध्या साबणानं तोंड धुवायचं. चोळायचं नाही, टिपायचं. टॉवेल आपापला. वर पातळ क्रीम, उन्हात जाताना उन्हाचं मलम. रात्री औषधाचं मलम, मसुराएवढं. फोडायचं नाही. मैत्रिणीनं दिलेली गोरं व्हायची ट्यूब लावायची नाही. तेल न्हायच्या आधी जरासं, तेही केसांच्या टोकांना. संपलं! आणि एवढ्यासाठी पोरगी लिंबानं कातडं सोलत होती.
गुण यायला दोन-तीन महिने. दोन-तीन महिने धीर धरायचा, आणि तो मी!

३० ऑगस्ट
मलमानं साल निघतंय. "बघ, वाढलं!" म्हणून सु.नं पेटी भरायला काढली. बाईंना विचारून आले. एक दिवसाआड लावा म्हणाल्या. पेटी परत पलंगाखाली ढकलली.
संध्याकाळी हाताला काम नाही. तेलाची वाटी फडताळात पालथी. सु. आतल्या खोलीत, मी बाहेर टीव्हीपुढं. काय लागलं होतं, आठवत नाही.

१८ सप्टें.
कपाळावरचं बसायला लागलंय. कॉलेजला जाते, ओढणी बांधूनच. शेजारच्या काकूंनी दारात गाठली. "अगं, हळद लाव, साय लाव, चंदन लाव."
मी म्हटलं, "काकू, पोरीचं तोंड हाय ते. कालवण न्हाई, येईल त्यानं काहीतरी टाकायला."
आत सु. फिसकन हसली. किती दिवसांनी! काकू चार दिवस बोलायच्या नाहीत. बरंच आहे.

८ ऑक्टो.
परवा पौर्णिमा, वर्षावास संपतो. शेवटचं वाचन सुप्रियानंच करावं, असं विहारातली मंडळी घरी येऊन सांगून गेली. सु. हो म्हणेना, नाही म्हणेना. ताईपण मागावरची पाळी बदलून येणार आहे. फोनवर मायलेकी हळू आवाजात बरंच बोलल्या. घेऊन जायला येते की ऐकायला, मी विचारलं नाही. धाडसच होईना.

१० ऑक्टो. दुपार
ताई आली. सु. पांढरा ड्रेस घालून, कंगवा घेऊन माझ्यापुढं येऊन बसली, पाठ करून. आई समोर असताना माझ्यापुढं.
"मावशी, वेणी घाल की."
माझा हात आपसूक फडताळाकडं.
"तेल नको. नुसतीच घाल. सावकाश."
घातली सावकाश. कॉलेजातलं महिनाभराचं सगळं सांगून झालं. पेड एकदा मुद्दाम चुकवला, पुन्हा सोडून घातला. ताई चहा थंड करत बघत होती.
हनुवटीवर नवी पुटकुळी. "दिसतीया काय?"
"दिसतीया की."
खोटं कशाला बोलायचं? ती आरशात बघून हसली.
सगळी खाली उतरलीत, मला हाका मारतायत. ओढणी इथं खुंटीवरच आहे. विसरली, का ठेवली? हातात घेतली होती, नेऊन द्यावी म्हणून. परत टांगली.