मोटरचं तेल कुठून गळते

वाशीम, ता. ४ डिसेंबर १९४१

आजही मोटरखाली तेलाचं थारोळं. इंजिन म्हातारं झालं हे मले समजते. रिंगा घासल्या, चढावर धापा टाकते. पण इतकं गळाचं कारण काय? परवा वरच्या झाकणातून गळत होतं. गफूरभाई मिस्तरींनी जाड कागदाचं पॅकिंग कापून बसवलं. आज झाकण कोरडं ठणठणीत अन् खालच्या तेलाच्या चेंबरातून धार! लढाईपायी तेलाचा डबा भेटत नाही, अन् ही बया गटागटा पिऊन राह्यली.

भंगारातून ही सर्विसची मोटर आमी दोघांनी उभी केली. चालवाचं माझ्याकडं, इंजिन गफूरभाईंकडं. ते म्हणले, उद्यापासून चेंबर उतरवतो, तू घाबरू नको.

ता. ६

चेंबर उतरवलं. सांध्यात सफेद्याचा लेप लावून नवं पॅकिंग. ग.भा. दिवसभर मोटरखाली उताणे, संध्याकाळी कंबर धरून बाहेर आले. खाली पडलेला नट ते हातानं चाचपत होते. मीच उचलून दिला. 

ता. ९

आज लय वाईट झालं.

शेलूबाजारचा बाजार, मोटर खच्चून भरलेली, टपावर वांग्या-मेथीचे टोपले. मंगरूळच्या पुढं चढावर मोटर सरकेना. तेल आता मागून निघून क्लचवर उतरलेलं. सारे ढकलाले उतरले. कोणतरी मागून म्हणलं, मिस्तरीले बी ढकला. लोक हासले. माझं डोकंच फिरलं. ग.भा. मोटरखालून निघत होते तेवढ्यात म्हणलो, "गफूरभाई, तुमच्यानं होत नाही आता. डोळ्याले दिसत नाही तं घरी बसा."

त्यांनी हात पुसले. पाना पायदानावर ठेवला अन् शे.बा. च्या रस्त्यानं पायी निघाले. तथी त्यांची लेक दिली आहे. चढ सरल्यावर मोटर त्यांच्या बाजूनं गेली. थांबवता आली असती. त्यांनी वर पाह्यलं नाही, मी बी थांबलो नाही.

ता. १०

ग.भा. आले नाहीत. खोलीले कुलूप. कायले बोललो मी? तेही चार लोकांत. ज्या माणसानं मले पाना धराले शिकवला त्याले. जीभ झडली असती तं बरं होतं.

ता. १५

सर्विस बंद ठेवली. स्वतःच बसलो. घासलेटनं सारं इंजिन धुतलं, पुसलं, चुलीची राख वस्त्रगाळ करून वरून भुरकवली. राख जथी आधी ओली होईल तथून तेल गळते. ही युक्तीही ग.भा. चीच. इंजिन चालू केलं अन् पाहत बसलो. तं काय, सगळ्याच सांध्यांतून एकदम! वरून, खालून, मागून. असं कसं होईल? सगळी पॅकिंगं एकाच दिवशी कशी मरतील?

मग ध्यानात आलं. इंजिनाचा दम सुटाची एक नळी असते, जुन्या इंजिनात तिच्यातून सारखा धूर येते. तिच्यातून काहीच निघत नव्हतं. इंजिन बंद करून बोट घातलं. आत बोळा. ओढून काढला. काळा कपडा, त्यात बिब्बा, मीठ, लाल मिरच्या. तेलात भिजून दगड झालेला. दम कोंडला होता, म्हणून तेल वाट भेटे तथून निघे.

बोळा काढल्यावर पुन्हा पुसून, नवी राख भुरकवून मंगरूळपर्यंत जाऊन आलो. राख कोरडी.

कपडा ओळखीचा. बायकोच्या, सरूच्या, चोळीचा तुकडा.

ता. १६

बोटांवर बिब्बा उतला. टरारून फोड आले. स्टेअरिंग धरवत नाही. सरू खोबरं चघळून लावत होती, तवाच इचारलं. कबूल झाली. दिवाळीत मोटरची पूजा केली तवा गल्लीतल्या बाया लय टक लावून पाहत होत्या म्हणे. "नळीतून धूर निघे, मले वाटलं दृष्ट तथीच लागली. म्हणून तथीच दाबून बसवलं." सांगताना रडली.  मोटर वाचावी म्हणूनच केलं बिचारीनं. ग.भा. गेले ते तिच्या बिब्ब्यानं नाही, माझ्या तोंडानं गेले.

ता. २१

शे.बा. ले गेलो. ग.भा. जावयाच्या दुकानात बसून फुटक्या कंदिलाले कथिलाचा डाख देत होते. चहा मांगवला. मी सारं सांगतलं, नळी, बोळा, बिब्बा. म्हणलं तुमची काहीच चूक नोती, पॅकिंगं सारी चांगली होती. मले वाटलं खुश होतील.

चेहरा एकदम उतरला. कंदील खाली ठेवला. मंग म्हणले, "दमाची नळी मी पाह्यली नाही, महादू. पयले तेच पाहाचं असते. तू बोलला ते खरंच होतं म्हंजे."

मी नाही नाही म्हणत राह्यलो. ते म्हणले, भाभीले काही बोलू नको. अन् परत कामाले लागले.

माफी मांगाले गेलो अन् त्याच जागी दुसरा घाव घालून आलो. बोळ्याचं सांगाचंच नोतं. नुसतं चाला म्हणाचं होतं.

ता. २८

मोटर थेंब गाळत नाही. लोक म्हणतात, मस्त झाली. रोज शे.बा. वरून जातो, दुकान दिसते. उतरून काय सांगू? गळत असती तं बोलावता आलं असतं. आता कोणत्या तोंडानं?

ता. २ जानेवारी

सकाळी चेंबरचा एक नट ढिला केला. सरूनं पाह्यलं अन् हात पुसाले चिंधी आणून दिली.

शे.बा. ले मोटर थेट दुकानासमोर उभी केली. म्हणलो, गफूरभाई, पुन्हा गळते. ते उंबऱ्यापर्यंत आले. मोटरखाली थेंब पडत होता. पाहत राह्यले. मंग आत गेले. मले वाटलं, झालं, संपलं. तं एक रिकामा डबा आणला अन् वाकून थेंबाखाली सरकवला. म्हणले, "पाना कुठं आहे माझा?"

सीटखालून काढून दिला. आता मोटरखाली उताणे आहेत. मी पायदानावर बसून हे लिहून राह्यलो. मुद्दाम ढिला केलेला नट त्यांच्या हाताले लगेच समजते. पाना फिराचा आवाज येऊन राह्यला. खाली वाकून पाहाची माझी हिंमत होत नाही.